मराठीत ‘यंग ॲडल्ट’ हा शब्दही नव्हता, तेव्हा साने गुरुजी टीनएजर्ससाठी लिहीत होते

यंग ॲडल्ट फिक्शन म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? हॅरी पॉटर, हंगर गेम्स, फार तर एखादी रडवणारी लव्हस्टोरी जिच्यावर नंतर सिनेमा आला. बारा ते वीस या वयातल्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या, असा त्याचा साधा अर्थ. अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात बरेच जण १९६७ साली आलेल्या ‘द आउटसायडर्स’ या कादंबरीपासून मोजतात. ती लिहिणारी एस. ई. हिंटन लिहायला बसली तेव्हा शाळेत होती.

मग मराठीत असं काही झालंच नाही का?

झालं की. १९६७ च्याही तीस-पस्तीस वर्षं आधी झालं. फक्त ते लिहिणाऱ्या माणसाला आपण वेगळ्याच कप्प्यात टाकून दिलं. आईच्या संस्कारांचं पुस्तक लिहिणारे, खादी घालणारे, सतत डोळ्यांत पाणी असणारे एक गुरुजी. त्यांचं पुस्तक आपल्याला तिसरी-चौथीत बक्षीस म्हणून मिळतं, आपण दोन प्रकरणं वाचतो आणि ते कपाटात जातं.

गोष्ट साने गुरुजींची आहे. आणि ती नीट पाहिली, तर ‘श्यामची आई’ आपण जरा लवकरच वाचून टाकतो, असं वाटायला लागतं.

सुरुवात रायगडातून

दिवेआगर-श्रीवर्धनला फिरायला जाणारे बरेच जण माणगावला मुंबई-गोवा महामार्ग सोडतात आणि म्हसळ्याच्या रस्त्याला लागतात. तो फाटा न घेता थोडं पुढे गेलं की गोरेगावजवळ वडघर नावाचं गाव लागतं. तिथे साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. पुतळा आणि हार एवढ्यावर भागवणारं हे स्मारक नाही. इथे मुलांची, तरुणांची शिबिरं भरतात आणि एका भारतीय भाषेतलं साहित्य दुसऱ्या भाषेत नेण्याचं काम चालतं.

गुरुजी मात्र रायगडचे नव्हते. त्यांचं गाव पालगड, रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. श्रीवर्धनच्या बाजूने बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की आपण रत्नागिरी जिल्ह्यात पोचतो. तिथून पुढे मंडणगड, दापोली आणि त्यांच्याच आसपास पालगड. जिल्हा बदलतो, पण माती, पाऊस, नारळ-सुपारी आणि शिकायला घर सोडावं लागणं, हे काही बदलत नाही.

त्यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

खोताच्या घरातली गरिबी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणं खोतांचं. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा, मान असलेला माणूस. पण मान होता तरी पैसा उरला नव्हता. भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, कर्ज वाढलं. एकत्र घरातून बाहेर पडून साध्या झोपडीवजा घरात राहायची वेळ आली. सावकाराची माणसं दारात यायला लागली.

मोठ्या नावाच्या घरात जन्म आणि खिशात काहीच नाही, ही अवस्था पोरवयात फार बोचते. बाहेरच्यांना वाटतं यांचं बरं चाललंय. आत तेल आहे तर मीठ नाही. त्या लाजेचं काय करायचं, हे त्या वयात कोणी शिकवत नाही.

पालगडला पुढचं शिक्षण नव्हतं, म्हणून पोरगा दापोलीच्या इंग्रजी शाळेत गेला. फी परवडेना, तेव्हा पार औंध संस्थानात गेला, कारण तिथे गरीब विद्यार्थ्यांची थोडीफार सोय होते असं कळलं होतं. हाताने रांधायचं, कधी अर्धपोटी राहायचं. तिथे प्लेग आला आणि औंधही सोडावं लागलं. मग पुणे, नूतन मराठी विद्यालय.

पुण्यात असतानाच, १९१७ मध्ये, आई गेली. शेवटच्या वेळी तो तिच्याजवळ नव्हता. ज्या शिक्षणासाठी आईने त्याला लांब पाठवलं, त्याच शिक्षणामुळे तिची भेट राहून गेली. ही सल पुढे आयुष्यभर राहिली.

आजही मुरूड, श्रीवर्धन किंवा म्हसळ्याकडचं कोणी बारावीनंतर मुंबई-पुण्याच्या हॉस्टेलवर जातं. बस सुटताना आई खिडकीपाशी उभी असते. प्लेग गेला, आगबोटी गेल्या, व्हिडिओ कॉल आला. ती बस मात्र अजून सुटतेच आहे.

हॉस्टेलचा रेक्टर लेखक कसा झाला?

पुण्यात कॉलेज झालं, तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालं. तत्त्वज्ञानाच्याच ओढीने साने खानदेशात अमळनेरला पोचले, तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात. पण ग्रंथांत डोकं घालून बसणं त्यांना जमेना. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. सोबत वसतिगृहाची जबाबदारी आली.

ते साने सरांचे साने गुरुजी झाले ते याच वसतिगृहात, आणि लेखकही तिथेच घडला.

वसतिगृहातली मुलं म्हणजे घर सोडून आलेली, तेरा-चौदा ते सतरा-अठराची पोरं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे ते स्वतःच. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, पसरलेलं आवरून ठेवायचे, आजारी पडलं तर उशाशी बसायचे. ओरडण्याऐवजी स्वतः करून दाखवायचं, ही त्यांची पद्धत.

आणि ते मुलांसाठी रोज लिहायचे. ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक त्यांनी चालवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एका हॉस्टेलपुरता रोजचा ब्लॉग. त्यात जगातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, पुस्तकांची ओळख आणि मुलांच्या वागण्याबद्दल दोन शब्दही असायचे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं.

याचा अर्थ असा की पहिलं पुस्तक गाजायच्या आधी अनेक वर्षं हा माणूस एका ठरावीक वयाच्या वाचकासाठी लिहीत होता. तो वाचक समोर दिसत होता. काल लिहिलेलं आवडलं की कंटाळा आला, हे सकाळी त्याच्या चेहऱ्यावर कळत होतं.

तुरुंगातल्या रात्री

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मग तुरुंग सुरू झाला. धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात वेगवेगळ्या भाषांचे कैदी एकत्र होते. आपण एकाच देशासाठी आत आलोय आणि शेजारच्याच्या भाषेतलं एक पुस्तकही आपल्याला माहीत नाही, हे गुरुजींना लागलं. ते तिथे दुसऱ्या भाषा शिकायला लागले. ‘आंतरभारती’ हे त्यांचं पुढचं स्वप्न इथून निघालं. वडघरला चालणाऱ्या अनुवादाच्या कामाचं मूळही इथेच आहे.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांना एक रायगडकर भेटला. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे. विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ते सगळं भराभर उतरून घेणारा हात साने गुरुजींचा होता. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्यापर्यंत आलंय ते त्या टिपणांमुळे. दुसऱ्याचं बोलणं बोलण्यासारखंच कागदावर कसं उतरवायचं, याची यापेक्षा मोठी तालीम कुठली असेल?

पुढच्याच वर्षी नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. गुरुजींनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लिखाण. १३ फेब्रुवारी, सोमवारी पहाटे हातातलं लिखाण पूर्ण झालं. पुस्तक १९३५ मध्ये बाहेर आलं. त्यात ‘प्रकरणं’ नाहीत, ‘रात्री’ आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. एकूण ४२ रात्री.

म्हणजे वेब सीरिजसारखे एपिसोड. प्रत्येक रात्र स्वतंत्र, आणि सगळ्या मिळून एका घराची पडझड.

श्याम गुणी मुलगा नाही

पुस्तक न वाचलेल्यांचा एक पक्का समज असतो. श्याम आदर्श मुलगा, आई आदर्श आई, आणि आपण वाचून आदर्श व्हायचं.

प्रत्यक्षात श्याम काय करतो ते बघा. पोहायला घाबरतो आणि लपून बसतो. आई त्याला मारत बाहेर काढते, कारण पोराला गावाने भित्रा म्हटलेलं तिला सहन होत नाही. श्याम लहान भावाशी भांडतो. घरी सांगावंसं वाटणार नाही असं बरंच काही करतो. आणि एकदा तर चक्क चोरी करतो. कशासाठी? पुस्तकांसाठी. वाचून मोठं व्हायचंय, पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत, मग पैसे उचलतो.

हा प्रसंग आठ वर्षांच्या मुलाला सांगितला की ‘चोरी करू नये’ एवढाच उरतो. पंधराव्या वर्षी वाचला की दुसरंच काही दिसतं. एखादी चांगली गोष्ट इतकी हवी असते की तिच्यासाठी आपण वाईट वागतो, आणि मग आईच्या डोळ्यांत बघता येत नाही. ही पंधराव्या वर्षाची भानगड आहे, आठव्या नाही.

किंवा कोटाचा प्रसंग घ्या. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात, भरून वाहणारा ओढा पार करून तो घरी घेऊन येतो. कोकणातल्या पावसात पऱ्या उतरून घरी गेलेल्या कोणालाही त्यातली भीती सांगावी लागत नाही. एका बाजूला घरी जायची ओढ, दुसऱ्या बाजूला आपण आता कमवून आणणारा माणूस झालो, ही मिरवायची इच्छा. ही दोन्ही त्याच वयात असतात.

शिवाय वडिलांचा अपमान आहे. दारात आलेला वसुलीचा माणूस आहे. आईचं झिजत जाणं आहे. शेवटी मृत्यू आहे, आणि तो गोड करून सांगितलेला नाही. आज यंग ॲडल्ट पुस्तकांबद्दल म्हणतात ना, की मुलांना जगातलं खरं दुःख दाखवावं की नाही? गुरुजींनी तो प्रश्न १९३३ मध्येच सोडवून टाकला होता. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांनी ते दुःख घरी पाहिलेलंच होतं. पुस्तकात ते लपवून काय उपयोग होता?

एक पुस्तक नाही, पूर्ण सीरिज

श्यामची गोष्ट आईच्या मृत्यूवर संपत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये? ‘धडपडणारा श्याम’ आहे. ‘श्यामचा जीवनविकास’ आहे. त्यांत शाळा, मैत्री, परक्या गावातली भूक, एकटेपणा, पुढे काय करायचं हा प्रश्न आहे. ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी तर शिकणाऱ्या आणि देशासाठी काहीतरी करू पाहणाऱ्या तरुणांचीच.

त्याशिवाय ‘गोड गोष्टी’ नावाची माला. नाव बालवाडीचं वाटतं, पण आत जगातल्या मोठ्या कादंबऱ्या दडल्या आहेत. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ इथे ‘दुःखी’ होऊन येते. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’चा ‘मनूबाबा’ होतो. गुरुजींनी त्या थोडक्यात, सोप्या मराठीत, इथल्या मुलांना कळतील अशा सांगितल्या. गावात वाचनालय नाही, इंग्रजी येत नाही, अशा पोराच्या हातात त्यामुळे ह्यूगो आला.

वयात येणाऱ्या वाचकाला अशी पुस्तकं का लागतात, याचं उत्तर इथे मिळतं. त्या वयात आपल्याला वाटत असतं की हे फक्त माझ्याच घरात घडतंय. पुस्तकात दुसऱ्याचं घर दिसलं की तो एकटेपणा थोडा सैल होतो. मग ते घर पालगडचं असो नाहीतर फ्रान्समधलं.

फार रडवतात, ही तक्रार

ती खरी आहे, टाळण्यात अर्थ नाही. साने गुरुजींच्या लिखाणात अश्रू खूप आहेत आणि उपदेशही आहे. अनेक समीक्षकांना ते भाबडं वाटलं. आजच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकू शकते. ती आई इतकं सोसते आणि सगळे तिचं सोसणंच थोर मानतात. तिला काय हवं होतं, हे कोण विचारतं?

हा प्रश्न पडायलाच हवा. पण तोसुद्धा पंधरा-सोळाव्या वर्षी पडतो. म्हणजे पुस्तक त्या वयात पुन्हा उघडायचं आणखी एक कारण.

आणि ते रडणं नुसतं रडणं नव्हतं, याचा पुरावा पुस्तकाबाहेर आहे. ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. मोळी उचलता न येणारी एक दलित म्हातारी, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता श्यामला तिला मदत करायला पाठवणारी आई. कोकणात तेव्हा याचा अर्थ काय होता, हे रायगडकरांना वेगळं सांगायला नको. याच जिल्ह्यातल्या महाडला १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. पाणी पिणं हा हक्क आहे, हे तिथे हजारोंनी स्वतः उभं राहून सांगितलं. गुरुजींची गोष्ट दुसऱ्या बाजूने, सवर्ण घरातल्या पोराच्या मनापासून सुरू होते.

पुढे गुरुजींनी ती गोष्ट पुस्तकात ठेवली नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते महाराष्ट्रभर फिरले आणि १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं मान्य झालं. लहानपणी मोळी उचलणाऱ्या पोराचं मोठेपणी काय झालं, याचं उत्तर लेखकाने स्वतः जगून दिलं.

शेवटची तीन वर्षं

स्वातंत्र्य मिळालं, पण पाठोपाठ गांधीजींची हत्या झाली. गुरुजी आतून हलले. तरी १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, जे पुण्याहून आजही निघतं. पुतणी सुधाला ते पत्रं लिहीत राहिले, त्यांची ‘सुंदर पत्रे’ झाली. त्यातही वाचक तोच, शाळकरी वयाचा.

११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. कारणं एका ओळीत सांगता येणार नाहीत आणि सांगूही नयेत. इतरांचं दुःख इतकं जवळून वाटून घेणाऱ्या माणसाला स्वतःचं दुःख वाटून घ्यायला कोणी पुरलं नाही, एवढंच दिसतं. तुम्हाला किंवा ओळखीतल्या कोणाला असं एकटं वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर लावून बोलता येतं. बोला.

पुढे काय झालं?

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ सिनेमा केला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. सिनेमा अजरामर झाला, पण त्याने श्यामला कायमचं लहानही करून टाकलं. बाकीचा, मोठा होणारा श्याम मागे पडला.

त्या वयाची गोष्ट मराठीत अधूनमधून येत राहिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. २००४ मध्ये मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आली आणि नववीतला मुकुंद जोशी घराघरात पोचला. गंमत बघा, ‘शाळा’वर सिनेमा करणाऱ्या सुजय डहाकेनेच २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. जोशी आणि श्याम एकाच दिग्दर्शकाला खुणावतात, कारण ते एकाच वयाचे आहेत.

तरी बालसाहित्य संपलं की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या, ही मधली मोकळी जागा मराठीत अजून पुरती भरलेली नाही. म्हणून तेराव्या वर्षी आपली पोरं इंग्रजीकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या इंग्रजी पुस्तकांत श्रीवर्धनची एसटी येत नाही.

तुम्हाला लिहायचं असेल तर

साने गुरुजींच्या आयुष्यातून तीन गोष्टी उचलता येतात. एक, वाचक ओळखीचा ठेवा. त्यांच्यासमोर वसतिगृहातली मुलं होती, तुमच्यासमोर धाकटी बहीण किंवा वर्गातला शेवटचा बाक असू शकतो. दोन, रोज लिहा आणि लगेच कोणाला तरी दाखवा. ‘छात्रालय’ एका हॉस्टेलपुरतं होतं, तरी त्यातून हात तयार झाला. तीन, ज्याची लाज वाटते ते लिहा. चोरी, भीती, घरचं कर्ज. श्याम ९० वर्षं टिकला तो त्या प्रसंगांमुळे.

आणि वाचायचं असेल, तर एक सोय आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे २०११ पासून साने गुरुजींची पुस्तकं सगळ्यांसाठी खुली आहेत. मोबाइलवर मोफत वाचता येतात. ‘श्यामची आई’ लहानपणी झालं असेल तर आता ‘धडपडणारा श्याम’ काढा. आणि पुढच्या वेळी दिवेआगरला जाताना वेळ असेल, तर माणगावला न वळता वडघरलाही जाऊन या.